जुना द्या, नवा न्या

आमच्या ह्यांना लॅपटॉप निवडायला चार महिने लागले. मला पसंत करायला त्यांच्या आईंना अर्धा तास पुरला होता, तोही चहा-पोहे धरून. हे मी त्यांना एकदा ऐकवलंसुद्धा. तर म्हणाले, "तुझ्या वेळी तुलना करायला दुसरं मॉडेलच नव्हतं." असल्या गोडव्यावर मी तोवर सत्तावीस वर्षं संसार केला होता.

हे म्हणजे श्रीकृष्ण. बडोद्याजवळच्या एका मोठ्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात त्यांनी चोवीस वर्षं नोकरी केली. २००२ साली कारखान्याने सगळ्यांना स्वेच्छेने निवृत्त व्हा म्हणून पत्रं दिली. ती इच्छा कोणाची होती हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. तेव्हा हे एकोणपन्नासचे होते आणि घरी बसून पेपर वाचणं त्यांना दीड आठवडा जमलं. मग ते नंदेसरीच्या छोट्या कारखान्यांत जुने कंट्रोलर सांभाळायला जाऊ लागले.

कंट्रोलर म्हणजे काय ते मलाही लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं. पत्र्याच्या कपाटात, म्हणजे पॅनेलमध्ये, बसवलेलं ते कारखान्याचं डोकं. कुठली झडप कधी उघडायची, कुठली टाकी किती तापवायची, हे सगळं ते ठरवतं. पण जुन्या कंट्रोलरची आठवण एका बॅटरीवर चालते, आणि त्या जातीची बॅटरी आता बाजारात मिळत नव्हती. होती ती म्हातारी झालेली. दिवाळीत कारखाना आठवडाभर बंद राहिला, वीज तोडली, की ते डोकं सगळं विसरून जाई. मग लाभपाचमेला, इकडे गुजरातेत ज्या दिवशी सगळे धंदे पुन्हा उघडतात त्या दिवशी, ह्यांनी जायचं, आपला लॅपटॉप केबलने जोडायचा आणि त्याला सगळं पहिल्यापासून शिकवायचं. हे जमणारा माणूस नंदेसरीत दुसरा नव्हता. लाभपाचमेला सकाळी जीप दाराशी यायची, तेव्हा हे जिना असे उतरायचे की खालच्या मजल्यावरचे फत्तेसिंहराव विचारायचे, "काय श्रीकृष्णराव, वरात कुठे निघाली?"

आणि ह्या वरातीचा घोडा होता तो जुना लॅपटॉप. साडेचार किलो वजन. एक बिजागर मोडलेलं, तिथे काळी टेप. रंगाच्या कारखान्यातली भुकटी बसून बसून त्याच्या कळा गुलाबी झालेल्या. एका वर्षी तिथल्या पोरसवदा इंजिनियरांनी तो पाहून विचारलं होतं, "अंकल, ह्याला किक मारावी लागते का?" हे स्वतःच मला हसत हसत सांगत होते. मला नाही हसू आलं. ह्यांचे पणजोबा सरकारवाड्यात कारकून होते, आजोबा हुजूर कचेरीत. आमच्या घरातला माणूस फाटक्या पिशवीतून मोडकं यंत्र काढतो आणि चार पोरं हसतात, हे मला सहन होत नव्हतं.

त्यातून कारखाने एकेक करून सुटत होते. पाच होते, त्याचे तीन झाले, मग एक. तो शेवटचा रंगाचा कारखाना हंबीररावांमुळे टिकला होता. हंबीरराव तिथले मेंटेनन्सचे मुख्य, आणि पूर्वी ह्यांच्या हाताखाली शिकलेले. बाकीचे का सुटले असं विचारलं की हे म्हणायचे, "दिवस बदलले." मी मनात म्हणायची, दिवस कसले बदलतात? माणसं आधी कपडे बघतात, मग काम. तुम्ही त्या टेप लावलेल्या डब्यापायी मागे पडलात. हे माझं निदान. डॉक्टरने आधीच औषध ठरवावं आणि मग रोगी शोधावा तसं.

म्हणून २००६च्या जुलैत ह्यांनी आपणहून नव्या लॅपटॉपचा विषय काढला, तेव्हा मला देवच पावला. तोही साधासुधा नाही, व्यावसायिक लोकांचा, नव्वद हजारांचा. मी म्हटलं, "नव्वद हजारांत दोन स्कूटरी येतात." ते म्हणाले, "स्कूटर घेऊन पॅनेल चालू होत नाही."

त्यांनी वही काढली. एका बाजूला गुण, एका बाजूला दोष. गुणांत लिहिलं: वजन निम्मं. कळांवर पाणी सांडलं तरी चालतं. बॅटरी चार तास. तीन वर्षं बिघडला तर माणूस घरी येऊन दुरुस्त करणार. मोठे प्रोग्रॅम पेलतो. दोषांत लिहिलं: किंमत. चोरीची भीती. तीन वर्षांनी काय? आणि शेवटी, खाली दोन रेघा ओढून: मागे नऊ पिनांचं पोर्ट नाही.

हे पोर्ट म्हणजे जुनी केबल लावायची जागा. जुन्या लॅपटॉपला ती होती, कंट्रोलरला ती होती, आणि नवे लॅपटॉप बनवणाऱ्यांनी ती काढून टाकली होती. कौमुदीला पुण्याला फोन लावला. आमची लेक तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे घरातल्या मिक्सरपासून सगळ्यावर तिचं मत घेतलं जातं. ती म्हणाली, "बाबा, प्रोफेशनल माणसाला प्रोफेशनल मशीनच पाहिजे. पोर्टाचं काय, कन्व्हर्टर मिळतो." सयाजीगंजातल्या दुकानदारानेही तेच सांगितलं. वीतभर लांबीची एक शेपटी दाखवली, एक टोक नव्याला, दुसरं टोक जुन्याला. "अंकल, चालसेज ने! गॅरंटी."

"सगळं चालतं," हे दुकानातून बाहेर पडताना म्हणाले, "पण जुना प्रोग्रॅम हट्टी आहे. त्याला ती शेपटी दिसेल का, हे पॅनेलला लावल्याशिवाय कळायचं नाही." तरी धनतेरसला आम्ही तो घेतला. बँकेतली ठेव मोडली. ह्यांनी खोकं मांडीवर घेतलं आणि रिक्षात घरापर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवलं. इतके खूश मी त्यांना कौमुदी झाली तेव्हा पाहिले होते.

दुकानात मोठा फलक होता: जुना द्या, नवा न्या. कुठल्याही अवस्थेतला जुना लॅपटॉप द्या, चामड्याची बॅग घेऊन जा. दुकानदाराने विचारलंही. हे म्हणाले, "नाही, तो असू दे."

तो असू दे! माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतके पैसे घालून माणूस नवं आणतो आणि त्याच मळक्या पिशवीतून नेणार?

दुसऱ्या दिवशी काळी चौदस. त्या दिवशी इथे घरातला कचकच-कलह बाहेर काढायची रीत आहे. गुजराती शेजारणी त्याला ककळाट काढणं म्हणतात. संध्याकाळी वडे तळायचे, चार वडे आणि तांब्याभर पाणी चव्हाट्यावर टाकायचं आणि मागे न बघता परत यायचं. आमच्या सासूबाईंच्या आधीपासून आम्ही मराठी लोकही हे करतो. हे भाजी आणायला गेले होते. मी वड्यांची डाळ भिजत घातली, आणि मला वाटलं, ह्या घरातला खरा ककळाट तर माळ्यावर बसलाय. तो ठेवून वडे टाकण्यात काय अर्थ? मी जुना लॅपटॉप केबलसकट कापडी पिशवीत घातला, रिक्षा केली, दुकानात दिला आणि बॅग घेऊन आले. येताना खरंच मागे बघितलं नाही.

हे आल्यावर बॅग पुढे केली. "दुकानवाल्याने दिवाळीची भेट पाठवली."

"मला? कशाला?" त्यांनी बॅग उलटीपालटी केली, आतल्या कप्प्यांत हात घालून बघितला. मग आरशासमोर खांद्याला लावून उभे राहिले. मी बघत होते. मला माझ्या खोट्याचा जराही पश्चात्ताप झाला नाही, उलट अभिमान वाटला.

लाभपाचमेला मुहूर्त पावणेनऊचा होता. सव्वासातला जीप आली. हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार. बॅगेत नवा लॅपटॉप, ती शेपटी, फ्लॉपी वाचायचा वेगळा डबा. चपला घालता घालता म्हणाले, "जुना कुठे ठेवलास? तोही नेतो."

"माळ्यावर, आवराआवरीत सगळ्याच्या मागे गेलाय. आज सणाचा दिवस, नवाच न्या. लागलाच तर फोन करा, पाठवते रिक्षाने."

खाली ड्रायव्हरने हॉर्न दिला. हे जिन्यावर थांबले, वळून माझ्याकडे बघितलं.

"नक्की आहे ना?"

"आहे हो!"

ते दोन शब्द मी किती सहज बोलले. त्यानंतर मी दही लावलं, देव पुसले, कौमुदीशी फोनवर बोलले. दहा वाजले, साडेदहा वाजले. ह्यांचा फोन नाही म्हणजे चालू झालं असणार, असं धरून मी खिचडी टाकली. अकराला फोन वाजला.

"शालिनी, जुना पाठव." मागे पंख्याचा आवाज येत होता. "शेपटी त्याला दिसत नाहीये. तीन तऱ्हांनी करून बघितलं. केबल पण टाक पिशवीत."

मी माळ्याकडे बघत राहिले.

"ऐकू येतंय का? तूच घेऊन ये हवं तर. गेटवर माझं नाव सांग."

"अहो, तो नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"दुकानात दिला. चौदसला. ती बॅग... भेट नव्हती ती."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

खिचडीचा गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही. मी रिक्षा करून सयाजीगंजात गेले. दुकानाला झेंडूची तोरणं, काऊंटरवर पेढ्यांची परात. दुकानदार म्हणाला, "साल मुबारक, आंटी!" मी म्हटलं माझा जुना लॅपटॉप परत द्या, हवे तितके पैसे घ्या. त्याला आधी गंमत वाटली. मग माझा चेहरा बघून त्याने खुर्ची दिली. "आंटी, ए माल तो गयो. भाऊबीजेलाच टेम्पो भरून अमदावादला गेला. तिथे तोडतात, आतला तांबा-बिंबा काढतात." त्याने खरंच दोन फोन लावून बघितले. त्याला दोष देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मग तशीच त्याच रिक्षाने नंदेसरीला निघाले. छाणी, बाजवा मागे पडलं, रिफायनरीचा वास आला, आणि सबंध रस्ता मी एकच वाक्य घोकत होते: हंबीरराव, चूक माझी आहे, त्यांचं काम काढू नका. ह्यांचं एवढं एकच काम उरलं होतं. ते गेलं तर हे सकाळी उठून कशासाठी दाढी करणार, असा विचार येत होता आणि मी तो ढकलत होते.

कारखान्यात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. जमीन, भिंती, सगळं लालसर. कामगार नवे शर्ट घालून अंगणात बसलेले, हातात मिठाईची खोकी, काम सुरू व्हायची वाट बघत. आत पॅनेलचं दार उघडं होतं आणि त्याच्यासमोर गोणपाटावर मांडी घालून हे बसले होते. नवा लॅपटॉप प्लास्टिकच्या खुर्चीवर, झाकण उघडं. इस्त्रीच्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली. हातात ती शेपटी होती आणि ते तिचं टोक पुन्हा काढून पुन्हा लावत होते. मी मागे उभी आहे हे त्यांना कळलं नाही.

हंबीरराव मला बाजूला घेऊन गेले. मी रस्ताभर घोकलेलं वाक्य बोलून टाकलं आणि रडूही आलं.

"वहिनी, वहिनी, शांत व्हा. कसलं काम काढतो?" ते अवघडले. "साहेबांनी तुम्हाला वात नाही केली? काही बोलले नाहीत?"

"कसली?"

त्यांनी पॅनेलच्या पलीकडे बोट दाखवलं. तिथे भिंतीला टेकून दुसरं पॅनेल उभं होतं. निळंशार, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं.

"हे गणपतीत आलं. शेठनी जूनमध्येच ऑर्डर दिली होती. नवी कंपनी, तेच बसवणार, तेच सांभाळणार. पाच वर्षांचा करार आहे त्यांच्याबरोबर. डिसेंबरात बसवायचं नक्की होतं. मी साहेबांना ऑर्डर दिली तेव्हाच सांगितलं."

"मग आज ह्यांना कशाला बोलावलं?"

"साहेबांनीच मागून घेतलं ने. म्हणाले, हंबीर, ह्या लाभपाचमेला एकदा मला चालू करू दे. मग तुमचं तुम्ही बघा. मी शेठना मनवलं, पावणेनऊचा मुहूर्त साहेबांच्या हातून करू म्हटलं." त्यांनी घड्याळ बघितलं. "आता काय करू? शेठ खिजलेत, माणसं बसून आहेत. त्या कंपनीच्या माणसाला फोन केलाय, तो निघालाय. आजच नवं बसवायला लागणार."

घाईघाईने सगळं डोक्यात जुळायला लागलं. जूनमध्ये ऑर्डर, जुलैत ह्यांनी लॅपटॉपचा विषय काढलेला. दिवस बदलले म्हणत होते ते खरं होतं. टेपेचा काही दोष नव्हता. कोणी कपडे बघत नव्हतं.

अर्ध्या तासात त्या कंपनीचा माणूस आला. पंचविशीचा, नम्र. ह्यांना वाकून नमस्कार केला. त्याच्याकडेही लॅपटॉप होता, ह्यांच्याहून स्वस्तातला. त्याने निळ्या पॅनेलचं प्लास्टिक फाडलं. हे उठले, गोणपाट झटकून घडी घातली आणि जुन्या पॅनेलमधल्या तारा सोडवायला त्याला मदत करू लागले. कुठली तार कुठली ते त्या पोराला माहीत नव्हतं, ह्यांना डोळे मिटून माहीत होतं. एकेका तारेला हे नाव सांगत होते आणि तो चिठ्ठी लावत होता. दोन तास हे चाललं. मग तो म्हणाला, "बस अंकल, आता मी करतो." हे लगेच बाजूला झाले.

हंबीरराव जीप देत होते, ह्यांनी नको म्हटलं. आम्ही रिक्षाने निघालो. बाजवा येईपर्यंत ते मांडीवरच्या बॅगेचा पट्टा सारखा करत होते.

"मला का नाही सांगितलंत?" शेवटी मीच विचारलं.

"सांगणार होतो. नवीन मिळालं की सांगू म्हटलं." ते बाहेर बघत होते. "नव्या पॅनेलचा प्रोग्रॅम जुन्या लॅपटॉपवर चालत नाही. त्याला असलंच मशीन लागतं. मला वाटलं, मशीन घेऊ, शिकू, मग त्या कंपनीला म्हणू, ह्या भागातलं काम मला द्या. दसऱ्याला भेटलो त्यांना."

"मग?"

"वय विचारलं. छान बोलले. चहा दिला."

म्हणजे दसऱ्यालाच सगळं संपलं होतं. आणि दसऱ्यानंतर अठरा दिवसांनी, धनतेरसला, ह्यांनी ठेव मोडून तो लॅपटॉप घेतला होता. मी ते त्यांना विचारलं नाही. मांडीवरचं खोकं आणि तो खुशीतला चेहरा मला आठवत होता. इतकं दिसत असूनही माणूस घेतो. मीही घेतलाच असता.

मला दोष हवा होता. खरं सांगते, त्या क्षणी सगळं माझ्यामुळे गेलं असतं तर मला चाललं असतं. माझी चूक असती तर ती सुधारता आली असती, कुणाचे तरी पाय धरता आले असते. इथे पाय धरायला कोणी नव्हतंच.

"मला बोला ना काहीतरी," मी म्हटलं. "शिव्या द्या. मी खोटं बोलले तुमच्याशी, दोनदा."

"तुला काय बोलू?" त्यांच्या आवाजात राग शोधून सापडला नसता. "काम आधीच गेलं होतं, शालिनी. तू फक्त एक दिवस नेलास."

रिक्षा रेल्वे फाटकाशी थांबली. गाडी यायची होती. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, आणि टोक ओलं असल्यामुळे तो जास्तच धुरकट झाला.

"पण तो दिवस मला हवा होता गं," ते म्हणाले.

ह्याला आता सहा वर्षं होतील. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, भांडणातसुद्धा नाही. मी भांडण मुद्दाम वाढवून बघते, आता तरी तोंडून निघेल म्हणून. ते उठतात आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसतात.